आला तेव्हा सपाट, कापल्यावर बाक: पत्र्याचा सपाटपणा कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.५ ते ३ मिमी जाडीचा पत्रा टेबलावर ठेवला की सपाट दिसतो. पण लेझरमधून जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, निघाला की त्याला बाक असतो, पंच केलेल्या जाळीला मध्ये पोट येतं आणि फ्रेमला वेल्ड केलेलं पॅनल दाबलं की टकटक वाजतं. दोष मालाचा की मशीनचा, आणि दुरुस्ती कुठे करायची?

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, उपाय मात्र वेगळे. मूळ म्हणजे लांबीतला फरक. पत्र्याचा एखादा भाग शेजारच्या भागापेक्षा लांब झाला की त्याला तेवढ्याच जागेत मावता येत नाही आणि तो पातळीच्या बाहेर येतो. हा फरक दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा लांब असतो, म्हणून पत्र्याला एकसारखा बाक येतो. दुसऱ्या प्रकारात पत्र्याची कड मध्यापेक्षा लांब असते, तेव्हा कडेला लाटा उठतात. किंवा मध्य कडेपेक्षा लांब असतो, तेव्हा मध्ये पोट येतं.

पहिला प्रकार उलट दिशेला वाकवून जातो. दुसरा वाकवून कधीच जात नाही. तिथे आखूड भाग लांबवावा लागतो किंवा लांब झालेला भाग आखडवावा लागतो. शॉपमध्ये सर्वात जास्त वेळ वाया जातो तो दुसऱ्या प्रकारच्या जॉबवर पहिल्या प्रकारचा इलाज करण्यात. पोट आलेलं पॅनल गुडघ्यावर घेऊन उलटं दाबलं की पोट फक्त मागच्या बाजूला जातं.

ओळखायला सोपं आहे. जॉब हाताने दाबला, तो सपाट झाला आणि सोडल्यावर पुन्हा एकसारखा उचलला, तर पहिला प्रकार. एका जागी दाबल्यावर दुसरीकडे उडी मारली किंवा टक आवाज आला, तर दुसरा. तिरके समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात आणि उरलेले दोन अधांतरी राहतात, तो पीळ. त्यात दोन्ही बाजूंचा बाक सारखा नसतो किंवा बाकाचा अक्ष तिरका असतो.

पाव मिलिमीटर पुरतो

लांबीचा फरक किती लहान असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पत्र्याच्या उद्योगात तो आय-युनिटमध्ये मोजतात. १ आय-युनिट म्हणजे दर मीटर लांबीला १० मायक्रॉन फरक. लाटेची उंची आणि लांबी मोजली की तो काढता येतो: उंची भागिले लांबी, त्याचा वर्ग, गुणिले सुमारे २.४७ लाख. लाट १ मीटर लांब आणि १० मिमी उंच असेल तर उत्तर जवळपास २५ आय-युनिट येतं. म्हणजे १ मीटरमध्ये फक्त पाव मिमी जास्तीचा धातू, आणि त्यातून डोळ्यात खुपणारी १० मिमीची लाट.

हेच गणित उलटं लावून पाहा. ६०० मिमी रुंद पॅनलच्या कडा वेल्डिंगने फक्त ०.१ मिमी आखडल्या तर मध्ये सुमारे ५ मिमी पोट येतं. वेल्डरला ०.१ मिमी दिसत नाही, ग्राहकाला ५ मिमी दिसतात. म्हणून सपाटपणाचं भांडण नजरेने सोडवता येत नाही.

टेबलावर सपाट दिसणं म्हणजे काहीच नाही

२ मिमी जाडीची, १ मीटर लांबीची स्टीलची पट्टी फक्त दोन टोकांवर टेकवली तर स्वतःच्या वजनाने मध्ये जवळजवळ १५ मिमी खाली येते. १ मिमी जाडीची असेल तर ५० मिमीपेक्षा जास्त. याचा दुसरा अर्थ असा की तेवढाच बाक असलेला पत्रा पोट वर करून टेबलावर ठेवला तर वजनानेच सपाट बसतो आणि तपासणीत पास होतो. पत्रा बनवणाऱ्या गिरणीच्या मानकांमधली मोजणीसुद्धा पत्रा सपाट पृष्ठभागावर मोकळा ठेवूनच होते, त्यामुळे पुरवठादाराचं प्रमाणपत्र खोटं नसतं. तुम्हाला हवं ते त्यात नसतं, एवढंच. पत्रा उभा धरून सरळपट्टी लावली, किंवा पूर्ण आकाराचा पत्रा वरच्या कडेने टांगला, तर खरा बाक दिसतो.

हा बाक येतो कुठून? कॉइलमधून, म्हणजे पत्रा गिरणीतून येतो त्या गुंडाळीतून. पत्रा किती त्रिज्येला वाकवला की कायमचा वाकतो, हे सहज काढता येतं: स्टीलचा लवचिकता गुणांक गुणिले जाडी, भागिले यील्डच्या दुप्पट. यील्ड म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण. २०५ जीपीए, २ मिमी आणि २५० एमपीए घेतले तर ८२० मिमी येतात. १ मिमीला ४१०, ३ मिमीला १२३०. कॉइलचं भोक साधारण ५०८ किंवा ६१० मिमी व्यासाचं असतं, म्हणजे आतल्या वेढ्याची त्रिज्या २५४ किंवा ३०५ मिमी. म्हणून २ मिमी पत्र्याच्या आतल्या वेढ्यांना भरपूर कायमचा बाक बसतो, तर १६०० मिमी व्यासाच्या कॉइलच्या सर्वात बाहेरच्या वेढ्यांना जेमतेम. एकाच कॉइलचे पहिले पत्रे चांगले आणि शेवटचे वाईट का, याचं उत्तर इथेच आहे. एकाच हीट नंबरचा, म्हणजे एकाच वितळवणीचा, माल सारखा वागेल असं धरून चालू नका.

याच हिशोबातून शॉपमधल्या एका जुन्या सवयीचाही निकाल लागतो. वाकडे जॉब रचून त्यांच्यावर रात्रभर वजन ठेवल्याने ते सरळ होत नाहीत. १ मीटरला १५ मिमी बाक म्हणजे सुमारे ८ मीटर त्रिज्या. तो दाबून सपाट केला तर पृष्ठभागावर पडणारा ताण यील्डच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. पत्रा सकाळी जसा होता तसाच उठतो. कायमचा फरक पडायला उलट दिशेला ८२० मिमीच्या बराच आत न्यावा लागतो. याच कारणाने रॅकवर थोडा झोल पडलेला पत्राही बिघडत नाही. बिघडतो तो फोर्कलिफ्टच्या काट्याने किंवा पट्टा आवळताना एकाच जागी बसलेल्या मुरडीने.

कापण्याआधी आतला ताण बघा

दिसायला सपाट पत्र्यातसुद्धा अडकलेला ताण असू शकतो. काही थर ताणलेले, काही दाबलेले, आणि सगळे एकमेकांना धरून. कापल्यावर ही पकड सुटते. लेझर बहुतेक वेळा बाक निर्माण करत नाही, तो मोकळा करतो.

शंका असेल तर नव्या बॅचच्या एका पत्र्यावर कंगवा कापा. पत्र्याच्या पूर्ण रुंदीत, रोलिंगच्या दिशेने, ५० मिमी रुंद आणि ६०० मिमी लांब पट्ट्या. एक टोक पत्र्याला जोडलेलंच ठेवा. पत्रा लेझर बेडच्या स्लॅटवरून काढून उभा करा. सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला सारख्या वाकल्या तर जाडीतला ताण आहे, म्हणजे कॉइलचा बाक पूर्ण निघालेला नाही. मधल्या पट्ट्या सरळ आणि कडेच्या बाजूला सरकलेल्या, फटी कुठे बंद तर कुठे उघड्या, असं दिसलं तर रुंदीतला ताण आहे. पहिल्या प्रकाराचा माल तुमच्याकडच्या लेव्हलरवर (रोलांमधून वाकवत पत्रा सपाट करणारं मशीन) सुधारतो. दुसऱ्या प्रकारचा परत पाठवा किंवा लहान जॉबना वापरा. या चाचणीला दहा मिनिटं आणि एक पट्टा माल लागतो. वाद मिटवायला यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

ऑर्डर देताना फक्त ‘सपाट पत्रा’ लिहिण्याला अर्थ नाही. कॉइल उघडून कापताना पुरवठादार काय वापरतो ते विचारा. पाच-सात रोलांचा साधा स्ट्रेटनर फक्त कॉइलचा बाक काढतो. जास्त रोलांचा, मागून आधार रोल असलेला आणि ते रोल रुंदीत कमी-जास्त दाबता येणारा प्रिसिजन लेव्हलर कडेची लाट आणि मधलं पोटही काढतो, कारण तो रुंदीतल्या आखूड भागाला जास्त वाकवून लांबवतो. स्ट्रेचर लेव्हलर पत्रा दोन्ही टोकांना धरून यील्डच्या पलीकडे ओढतो. पूर्ण जाडी एकदम यील्ड होते आणि आतला ताण सर्वात कमी उरतो. लांब, अरुंद किंवा मोठी कटआउट असलेल्या जॉबसाठी तोच माल घ्या. ऑर्डरमध्ये ‘कापल्यानंतर, मोकळ्या स्थितीत, १ मीटरला अमुक मिमी’ असं लिहून घ्या.

लेझर

पत्रा बेडवर टाकताना पोट वर आणि टोकं खाली ठेवा. वजन मग तुमच्या बाजूने काम करतं. टोकं वर राहिली तर नोझल अडकायची भीती, आणि कापत गेल्यावर ती आणखी उचलतात. उंची सेन्सर डोक्याला पत्र्याच्या मागोमाग नेतो, पण जॉब सुटून तिरका झाला तर त्याला काही करता येत नाही.

आतली भोकं आधी, बाहेरचा आकार शेवटी, हे सगळेच करतात. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते म्हणजे उष्णता कुठे साचते. दाट भोकांचा पट्टा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ कापत गेलात तर डोक्याखालचा भाग गरम आणि बाकीचा थंड राहतो. भोकं एक सोडून एक अशा दोन-तीन फेऱ्यांत कापा. समाईक रेषेवर कापणं मालाच्या बचतीला चांगलं, पण अरुंद पट्ट्यांसाठी वाईट. प्रत्येक पट्टीची एक कड वितळून थंड होताना आखडते तेव्हा दुसरी कड अजून शेजारच्या पट्टीला धरलेली असते आणि पट्टी धनुष्यासारखी आडवी वाकते. लांब पट्टीच्या दोन्ही लांब कडा एकामागून एक कापा, टोकं शेवटी. गिरणीची मूळ कड जॉबची कड म्हणून वापरू नका. एक कड कापलेली आणि एक न कापलेली असली की ताणाचा तोल जातो. दोन्ही बाजूंनी १० मिमी तरी छाटून घ्या.

पातळ लांब जॉबना मायक्रोजॉइंट (न कापलेले बारीक जोड) ठेवा, म्हणजे भोवतीचा उरलेला पत्रा, सांगाडा, त्यांना थंड होईपर्यंत धरून ठेवतो. मोठं कटआउट असलेल्या चौकटीत आतला तुकडा चार जागी जोडलेला ठेवून शेवटी तोडणं बऱ्याचदा लेव्हलिंगचा एक पास वाचवतं. आणखी एक गोष्ट, जिची आठवण पुढे प्रेस ब्रेकवर (बेंडिंगच्या मशीनवर) होते: प्रत्येक जॉबच्या वरच्या बाजूला रोलिंगच्या दिशेचा बाण कोरून घ्या. एक जॉब पोट वर आणि पुढचा पोट खाली असा बेंडिंगला गेला तर कोनात फरक पडतो आणि दोष प्रोग्रॅमवर जातो.

पंचिंग आणि शिअरिंग

पंच धातू फक्त तोडत नाही, भोकाभोवतीचा धातू बाहेर ढकलतो. एका भोकाने लांबी २ मायक्रॉन वाढते असं उदाहरणादाखल धरा. ओळीत २०० भोकं असतील तर ०.४ मिमी. १ मीटरच्या जाळीत ०.४ मिमी म्हणजे १२ मिमीपेक्षा जास्त पोट, कारण भोवतीची भोकं नसलेली चौकट वाढलेली नाही. हा शुद्ध दुसरा प्रकार आहे, म्हणून उलटं वाकवून काही होत नाही.

ढकलला जाणारा धातू कमी करायचा तर आधी टूल बघा. पंच आणि खालच्या डायमधली एकूण फट साध्या स्टीलला जाडीच्या सुमारे २० टक्के, स्टेनलेसला २५, ॲल्युमिनियमला १५. फट कमी असली की भोक दिसायला छान पण पत्रा ताणलेला. पंचाची धार गोल होऊन तिची त्रिज्या पाव मिमीपर्यंत पोचली असेल तर धार लावायची वेळ उलटून गेली आहे. तिथवर जाऊ देऊ नका. पत्र्याला खाली धरणाऱ्या स्ट्रिपरचा दाब कमी असेल तर पंच वर जाताना पत्र्याला ओढून उचलतो आणि प्रत्येक भोकाभोवती बारीक कप राहतो.

मग क्रम. एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्या कोपऱ्यात संपवलं तर वाढ एका बाजूला ढकलत जाते. एक सोडून एक ओळी आधी, उरलेल्या नंतर, असं केलं तर फरक पडतो. अनेक पंचांचं क्लस्टर टूल वेळ वाचवतं, पण त्यातले पंच अगदी शेजारी-शेजारी असतील तर पत्रा जास्त ओढतो. मधली एक जागा सोडून बसवलेले पंच बरे. डिझाइन करणाऱ्याला विचारून जाळीभोवतीची कोरी पट्टी शक्य तितकी अरुंद ठेवा. रुंद कोरी चौकट हीच पोटाची खरी कारणीभूत असते, पण ड्रॉइंगवर ती निरुपद्रवी दिसते. एवढं करूनही पोट राहिलं तर लेव्हलर. तिथे चौकट लांबवायची असते, जाळी नाही. म्हणून रुंदीत रोल वाकवता येणारं मशीन हवं. जाळीचा भाग कमकुवत असल्यामुळे सरसकट दाबाखाली तोच आधी यील्ड होतो.

शिअरिंगबद्दल दोनच शब्द. पट्टीची रुंदी जाडीच्या आठ-दहा पटीपेक्षा कमी असेल तर पीळ येणारच. ब्लेडचा तिरकेपणा जितका कमी तितका पीळ कमी. मागच्या बाजूला पत्र्याला आधार नसेल तर कापला जाणारा तुकडा लोंबकळत वाकतो. धार आणि ब्लेडमधली फट बरोबर असूनही पीळ येत असेल तर ती पट्टी लेझरवर घ्या.

पार्ट लेव्हलर लावताना

लेव्हलर पत्र्याला आलटून-पालटून वर-खाली वाकवतो. सुरुवातीला खूप, शेवटी जवळपास शून्य. उद्देश असा की जाडीचा सुमारे ८० टक्के भाग यील्ड व्हावा. २ मिमी, २५० एमपीएच्या पत्र्यासाठी त्याला सुमारे १६५ मिमी त्रिज्येला वाकवावं लागतं. ५०५२-एच३२ ॲल्युमिनियमच्या २ मिमी पत्र्याला मुळात यील्ड व्हायलाच ३६० मिमीच्या आत जावं लागतं, म्हणजे ८० टक्क्यांसाठी ७० मिमीच्या आसपास. म्हणून ॲल्युमिनियम मऊ आहे असं समजून हलका दाब लावला तर ते जसं गेलं तसं बाहेर येतं.

प्रवेशाकडची रोलांमधली फट जाडीपेक्षा कमी, निकासाकडची जाडीइतकी, इथून सुरुवात करा. जॉब बदल न होता बाहेर आला तर प्रवेश खोल करा. बाक बदलला, पण उरलेला बाक एकसारखा वर किंवा खाली असेल तर प्रवेशाला हात न लावता फक्त निकास हलवा. लोक दोन्ही एकदम हलवतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही. जॉब एका वेळी किमान तीन रोलांवर टेकला पाहिजे. त्यापेक्षा आखूड तुकडे नुसते डुलत जातात. घालण्यापूर्वी बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढा, नाहीतर तो रोलवर ठसे पाडतो आणि ते ठसे पुढच्या प्रत्येक जॉबवर उमटतात. कॉइल बदलली की सेटिंग पुन्हा तपासा: यील्ड २५० वरून ३२० झाली तर त्याच सेटिंगवर यील्ड होणारा भाग कमी होतो.

बेंडिंग

बेंडच्या बाहेरच्या बाजूचा धातू बेंडला आडवा ताणला जातो, त्यामुळे बेंडच्या रेषेच्या दिशेने आखडू पाहतो. आतला धातू दाबला जातो आणि लांबू पाहतो. यातून बेंडच्या रेषेलाच बाक येतो. लांब, पातळ जॉबला अरुंद फ्लँज (वळवलेली कड) असेल तर तो स्पष्ट दिसतो. फ्लँज थोडा रुंद केला किंवा शेवटी १० मिमीची आत वळलेली कड दिली तर जातो. बाक असलेल्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी सारखे फ्लँज काढले तर बाक दडपला जातो. फ्लँज असमान असतील तर त्याच ताणाचा पीळ होतो, आणि चॅनलचा पीळ काढणं फार कठीण.

चारही बाजूंना फ्लँज असलेल्या पॅनलमध्ये मधला झोल आधीच असेल तर बेंडिंगनंतर तो कोंडला जातो आणि पॅनल वाजायला लागतं. दिसण्याला हरकत नसेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन हलके बेंड मारून पॅनलला मध्ये काही मिमी ठरवून फुगवा. मोठ्या हवेच्या डक्टवर दिसणारी फुली हीच. सपाट हवंच असेल तर मागे स्टिफनर (ताठपणा देणारी पट्टी) द्या, पण शक्यतो चिकटवून.

वेल्डिंग

इथे सगळ्यात जास्त बिघडतं, आणि कारण समजलं की निम्मं काम होतं. दोन्ही टोकांना पूर्ण जखडलेलं स्टील फक्त १०० अंशांच्या फरकाने यील्ड होतं: यील्डपर्यंत लांबीतला फरक सुमारे ०.१२ टक्के, प्रसरण दर अंशाला १२ मायक्रॉन प्रति मीटर. ३०४ स्टेनलेस प्रति अंश १७ मायक्रॉन प्रसरण पावतं, त्यामुळे तिथे सुमारे ६५ अंशच पुरतात. वेल्डजवळचा पट्टा याच्या कितीतरी पुढे जातो, गरम असताना दाबला जाऊन आखडतो आणि थंड झाल्यावर आखूडच राहतो. शिवाय स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या स्टीलच्या एक-तृतीयांश. उष्णता जागच्या जागी राहते, फरक वाढतो. साध्या स्टीलवर चालणारी पद्धत स्टेनलेसवर तशीच वापरली की पॅनल गेलंच.

कापडाची किनार दोरा ओढून शिवली की मध्ये झोल पडतो, तसंच कडेला फ्रेम वेल्ड केलेल्या पॅनलचं होतं. म्हणून पहिला उपाय तंत्राचा नाही, मापाचा: वेल्ड लहान करा. फिलेटचा (कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डचा) पाय दुप्पट केला की त्यातला धातू चौपट होतो, आणि आखडणं त्याच्याच मागे जातं. १.५ मिमी पत्र्याला ४ मिमीचा फिलेट कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्यानंतर वेल्डची लांबी कमी करा: सलग शिवणीऐवजी २५ मिमीचा टाका, दर १०० मिमीला एक, पाणी अडवायचं असेल तर उरलेल्या फटीत सीलंट. जोडणीत फट राहू देऊ नका, कारण फट भरायला गेलेली प्रत्येक सेकंद पॅनलमध्ये उष्णता घालते.

टॅकचा (तात्पुरत्या छोट्या वेल्डचा) क्रम मध्य, दोन टोकं, मग प्रत्येक अर्ध्याचा मध्य. पातळ पत्र्याला ३० ते ५० मिमीवर टॅक लागतात. वेल्ड करताना पुढे सरकत जा, पण प्रत्येक तुकडा मागच्या दिशेने ओढा, आणि समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून करा. मागे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी घट्ट दाबून लावा. ती फक्त आधार नाही, उष्णता शोषणारं साधन आहे. पत्रा आणि पट्टीमध्ये फट असेल तर तिचा उपयोग नाही. क्लॅम्प हात लावता येईपर्यंत सोडू नका. क्लॅम्पने कोनातला बाक कमी होतो. आखडणं थांबत नाही, तेव्हा क्लॅम्पवर फार विसंबू नका.

पॅनलच्या मागे स्टिफनर वेल्ड केले की समोरून प्रत्येक वेल्डची रेषा दिसते आणि रेषांमधला भाग फुगतो. दर्शनी पॅनलला स्ट्रक्चरल दुहेरी टेप किंवा ॲढेसिव्ह, नाहीतर कपॅसिटर डिस्चार्ज स्टड वेल्डिंग (विजेच्या क्षणिक झटक्याने खुंटी जोडणं) वापरा. स्टडमध्ये उष्णता इतकी क्षणिक असते की २ मिमी पत्र्याच्या समोर खूण सहसा उमटत नाही.

बिघडलेलं सरळ करताना

दोन हत्यारं, दोन उलट परिणाम. लोखंडी हातोडा आणि खाली लोखंडी ठोकळा: धातू चेपला जातो आणि लांबतो. ज्योत: धातू आखडतो. लाकडी मॅलेट लाकडावर ना लांबवतं ना आखडवतं, फक्त वाकवतं.

पोट आलेलं असेल तर पोटावर हातोडा मारणं म्हणजे जास्तीच्या लांबीत भर. मारायचं असेल तर पोटाच्या बाहेर, कडेच्या आखूड झालेल्या पट्ट्यावर. वेल्डमुळे पोट आलं असेल तर थेट वेल्डच्या रेषेवर, खाली ठोकळा धरून, हलक्या पण खूप ठोक्यांनी. वेल्ड लांबला की पोट आपोआप बसतं.

किंवा पोट आखडवा. साध्या स्टीलच्या १.५ ते २ मिमी पत्र्यावर १० ते १२ मिमीचा ठिपका, मंद लाल होईपर्यंत म्हणजे ६०० ते ६५० अंश, त्याहून नाही. ठिपका लहान आणि झटपट हवा. हळूहळू तापवला तर भोवतालही तापतो, दाबणारं कोणी राहत नाही आणि ठिपका आखडत नाही. पहिला ठिपका सर्वात उंच जागी, पुढचे ७५ ते १०० मिमी अंतराने बाहेरच्या दिशेला. ओल्या फडक्याने थंड करा. पूर्ण थंड झाल्याशिवाय मोजू नका आणि थोडं पोट शिल्लक असतानाच थांबा. जास्त आखडवलेल्या पत्र्याच्या कडेला लाटा येतात आणि मग पुन्हा हातोडा.

हे सगळीकडे चालत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि आणखी तापलं की घातक धूर निघतो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही आणि ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद त्याआधीच जाते. स्टेनलेसवर ठिपका टिग टॉर्चने, अगदी लहान, ३०४ऐवजी कमी कार्बनचं ३०४एल असेल तर बरं, आणि नंतर पिकलिंग (आम्लाने सफाई). साध्या स्टीलचा हातोडा तिथे वापरला तर पुढे गंजाचे डाग दिसतात.

कोटिंगनंतर उगवणारा बाक

पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची. नुसत्या पत्र्याला ती काही करत नाही. पातळ पॅनल जाड फ्रेमला चारी बाजूंनी घट्ट वेल्ड केलेलं असेल तर पॅनल लवकर तापतं, फ्रेम उशिरा, आणि वर काढलेला १०० अंशांचा फरक तिथे सहज गाठला जातो. असे जॉब वेगळे कोट करून नंतर जोडा, किंवा जोडणीत लांबट भोकं द्या. गरम बुडवणीच्या गॅल्व्हनाइजिंगमध्ये बाथ सुमारे ४५० अंशांचा असतो. त्या तापमानाला स्टीलची यील्ड बरीच खाली येते आणि आतला वेल्डिंगचा ताण मोकळा होतो. ५ मिमी फ्रेमवर १.५ मिमी पत्रा वेल्ड करून बुडवला तर तो सपाट येईल अशी अपेक्षाच चुकीची; तिथे पत्रा आधीच गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि बोल्टने लावा.

ड्रॉइंगवरचा आकडा

बऱ्याच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आयएसओ २७६८-एमके (मापांच्या सर्वसाधारण सवलतीचं मानक) असं छापलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. त्यातल्या के वर्गाने ३०० ते १००० मिमी लांबीला सपाटपणा ०.६ मिमी लागतो. मशीनिंग केलेल्या ठोकळ्याला तो सोपा, ८०० मिमी लांबीच्या १.५ मिमी पत्र्याला लेव्हलिंगशिवाय नशिबाचा. त्याच मानकातला एल वर्ग १.२ मिमी देतो. सपाटपणाचा तो भाग, आयएसओ २७६८-२, २०२१ मध्ये मागे घेतला गेला आहे, पण जुन्या टायटल ब्लॉकमधून तो अजून फिरतो. कोटेशन देण्यापूर्वी ग्राहकाला दोन गोष्टी विचारा: जोडणीत हा जॉब बोल्टने ओढला जाणार आहे का, आणि मोजणी मोकळ्या स्थितीत की क्लॅम्प करून. बोल्टने ओढला जाणार असेल तर ‘२ मिमीपर्यंत, हाताच्या दाबाने सपाट बसला पाहिजे’ अशी टीप घालून घेतलेली बरी. ती मोजता येते, आणि लेव्हलरचे दोन पास वाचतात.